मेकअप व्हिडिओंसाठी घरातला प्रकाश : एका खोलीच्या प्रकल्प नोंदी

१७ मे : खोली जशी आहे तशी

पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय अकरा फुटांची खोली. पश्चिमेला एक खिडकी, भिंती पिस्ता रंगाच्या, छत पांढरं, मधोमध पंखा, एका भिंतीवर वीस वॉटची एलईडी ट्यूब. चित्रीकरण फोनवर. विषय फाउंडेशन, लिपस्टिक आणि पुढे मराठी नववधूचा पूर्ण मेकअप. बजेट ₹१५,०००.

अट एकच ठेवली आहे. हातावर लावलेली शेड डोळ्यांना जशी दिसते, तशीच ती पडद्यावर दिसली पाहिजे. व्हिडिओ बघून लोक पैसे मोजून शेड विकत घेतात, त्यामुळे बाकी सगळं हिच्यापुढे दुय्यम.

आधी चाचणीची पट्टी बनवली. पांढऱ्या सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याच्या) तुकड्यावर लिक्विड मॅट लिपस्टिकचे चार ठिपके : लाल, मरून, गुलाबी आणि तपकिरी न्यूड. शेजारी ओलं कुंकू आणि फाउंडेशनच्या तीन शेड. मॅट लिपस्टिक वाळली की तशीच राहते, साधी काडीची लिपस्टिक तेलकट राहून चकाकते आणि तुलना बिघडवते. ही पट्टी सकाळी दहाच्या सुमारास बाल्कनीच्या सावलीत शूट करून ठेवली. पुढच्या प्रत्येक दिव्याखाली हीच पट्टी आणि शेजारी हीच क्लिप.

फक्त ट्यूबवर केलेली चाचणी : प्रकाश वरून येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, काजळ आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं वेगळी ओळखता येत नाहीत. लाल ठिपका विटकरी दिसला. चित्रीकरणाच्या वेळी ट्यूब बंद ठेवायची, हे इथेच ठरलं.

१९ मे : खिडकी

खिडकीवर पांढरा पातळ पडदा लावून सकाळी चाचणी घेतली. रंगाच्या बाबतीत याहून चांगला प्रकाश घरात मिळणार नाही. लाल लाल दिसतो, न्यूड न्यूड दिसतो, गालावरची छटा हळूहळू मिटत जाते. फाउंडेशनचा दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल आणि सकाळची वेळ मोकळी असेल, तर पैसे खर्च करायची गरजच नाही. खिडकीकडे तोंड करून, तिच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर बसायचं. खिडकी पाठीशी किंवा अगदी एका कुशीला घेऊ नका.

अडचण लांबीची आहे. नववधूचा मेकअप दोन-तीन तास चालतो. सुरुवातीचा आणि शेवटचा शॉट शेजारी ठेवला तर ते दोन वेगळ्या दिवसांचे वाटतात. दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन थेट आत येतं. ढग सरकला की फोन स्वतःहून उजेड वर-खाली करतो आणि पुसट झालेलं फाउंडेशन अचानक दाट दिसू लागतं. पावसाळ्यात हे दर काही मिनिटांनी होणार. म्हणून खिडकी पूर्ण बंद करायची आणि तिच्याकडून फक्त रंग पडताळण्याचं काम घ्यायचं. ब्लॅकआउट पडदा ₹१,१००. पडद्याच्या कडेने येणारी उजेडाची फट टेपने बंद करावी लागली. ती दिसायला छोटी असते, पण एका गालावर निळसर पट्टा टाकते.

२२ मे : रिंग लाइट

अठरा इंची, स्टँडसह ₹३,२००. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रकाश लेन्सच्या चारही बाजूंनी येत असल्यामुळे चेहऱ्यावर सावली जवळपास उरत नाही. त्वचा गुळगुळीत दिसते. पण कॉन्टूर म्हणजे मुळात सावलीचाच खेळ. गालाच्या हाडाखाली लावलेला ब्रॉन्झर इथे नुसता तपकिरी पट्टा दिसतो, उठाव येत नाही. ब्लेंडिंग नीट झालंय की नाही हेही कळत नाही, कारण चुकलेली कड उजेडात विरघळून जाते. प्रात्यक्षिकासाठी हा मोठा तोटा आहे.

दुसरं, प्रतिबिंब. बुबुळात पांढरं कडं, चष्म्यावर कडं, हायलाइटर लावलेल्या गालावर कड्याचा तुकडा, नथीच्या प्रत्येक मोत्यात एक छोटं कडं.

तिसरं, लुकलुक. फोन स्लो-मोशनवर, २४० फ्रेमवर ठेवून दिवा पूर्ण, अर्धा आणि अगदी मंद अशा तीन पातळ्यांवर चित्रित केला. पूर्ण पातळीवर ठीक, अर्ध्यावर पट्टे, मंदावर धडधड. स्वस्त डिमर प्रकाश कमी करत नाही, तो दिवा भराभर चालू-बंद करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिवा कोणताही घ्या, दुकानात ही स्लो-मोशनची चाचणी करूनच घ्या. दोन मिनिटं लागतात.

यूएसबीवर चालणारे दहा इंची दिवे घेणाऱ्यांसाठी : त्यांना साधारणपणे पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपच्या पोर्टवर किंवा एक अँपिअरच्या जुन्या चार्जरवर लावला तर ते मंद पेटतात किंवा लुकलुकतात, आणि दोष दिव्याला दिला जातो.

२५ मे : सॉफ्टबॉक्सची जोडी आणि घरगुती बल्ब

पन्नास बाय सत्तर सेंटिमीटरचे दोन सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या), स्टँडसह ₹२,६००. होल्डर ई-२७, म्हणजे आट्यांचा. आपल्याकडे घरोघरी असतात ते पिनांचे बी-२२ बल्ब. ते इथे बसत नाहीत. अडॅप्टर मिळतो, पण त्याने बल्ब पुढे सरकतो आणि कापडाच्या मध्यभागी झगझगीत ठिपका पडतो. त्यापेक्षा आट्यांचेच बल्ब मागवावेत. चार बल्ब ₹६४०, प्रत्येकी पंधरा वॉट, ६५०० केल्विन (प्रकाशाचा रंग सांगणारा आकडा; जितका मोठा तितका निळसर).

उजेड भरपूर झाला. रंग फसला. पट्टीवरचं कुंकू तपकिरीकडे झुकलं, मरून आणि लाल यांतलं अंतर कमी झालं, गुलाबी राखाडी पडला. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं पांढरा रंग जुळवण्याचं सेटिंग) कितीही फिरवला तरी हे सुटत नाही, कारण जो रंग प्रकाशातच कमी आहे तो नंतर आणता येत नाही. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या वर असं लिहिलेलं असतं. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल, म्हणजे आर-९, त्या सरासरीत धरलेलाच नाही. स्वस्त एलईडीत आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो आणि तरी खोक्यावर ८० छापता येतं. लिपस्टिक, ब्लश, कुंकू आणि त्वचेखालचा रक्ताचा रंग, हे सगळं त्याच लालावर अवलंबून आहे. मेकअपचा दिवा घेताना सीआरआय ९५ च्या वर आणि आर-९ निदान ९० च्या आसपास छापलेला असेल तरच पुढे बोला. वॉटचा प्रश्न नंतर.

मांडणीतही गडबड झाली. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारखे दिवे ठेवले की नाकाच्या दोन सावल्या पडतात आणि नाकाच्या शेंड्यावर एक काळपट उभी रेघ येते. डोळ्यात दोन चौकोन दिसतात. एक दिवा बंद करून त्या बाजूला पांढरा सनबोर्ड धरला तर चेहरा लगेच सुधारला. दोन बाय तीन फुटांचे दोन सनबोर्ड, ₹६००. या खोलीत पैशाच्या मानाने सर्वात जास्त काम त्यांनीच केलं आहे.

२८ मे : पिस्ता भिंत

जबडा आणि मान हिरवट येत होती. भिंत खुर्चीपासून दोन फुटांवर होती, प्रकाश तिच्यावर आपटून रंग घेऊन परत येत होता. एडिटिंगमध्ये टिंट (हिरवा-किरमिजी तोल) किरमिजीकडे सरकवला की मान सुधारते, पण कपाळ गुलाबी होतं, कारण कपाळावर हिरवा नव्हताच. यात बराच वेळ गेला आणि हाती काही लागलं नाही. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा प्रकाश असेल तर तो खोलीतच दुरुस्त करावा लागतो.

काळं पॉपलीन सहा मीटर, ₹५४०, क्लॅम्पने पडद्याच्या दांडीवर आणि कपाटाच्या दाराला. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पांढरा बोर्ड. काळ्या कापडाचा एक फायदा आधी लक्षात घेतला नव्हता : ते गालाच्या त्या बाजूचा परतीचा उजेड शोषून घेतं, आणि कॉन्टूर एकदम दिसू लागतो. रंगकाम करायचंच असेल तर फिकट राखाडी किंवा पांढरा, तोही मॅट.

कपड्यांनाही हेच लागू आहे. हिरवा शालू नेसून खालून पांढरा बोर्ड धरला तर हनुवटी हिरवी होते. फाउंडेशनपासून लिपस्टिकपर्यंतचं काम होईस्तोवर मांडीवर आणि खांद्यांवर पांढरा सुती टॉवेल, शेवटच्या शॉटला काढायचा.

१ जून : मुख्य दिवा

साठ वॉटचा सीओबी एलईडी (एकाच ठिकाणी दाट बसवलेल्या एलईडींचा दिवा), ५६०० केल्विन, सीआरआय ९६ छापलेला, बोवेन्स माउंट (दिव्यापुढे जोडण्या अडकवायचं प्रचलित कडं), ₹९,४००. नव्वद सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स, ₹२,१००. नऊ फुटी स्टँड ₹१,३००. बोवेन्स माउंट बघून घेण्याचं कारण असं की सॉफ्टबॉक्स, ग्रीड, रिफ्लेक्टर हे सगळं त्या मापात सहज आणि स्वस्त मिळतं. स्वतःचंच वेगळं माउंट असलेला दिवा स्वस्त दिसतो, पण पुढे त्याला काही बसत नाही.

दोनशे वॉटचा घ्यायचा मोह टाळा. फोनचा मुख्य लेन्स एफ १.८ च्या आसपास, म्हणजे भरपूर उजेड घेणारा असतो. चेहऱ्यापासून तीन फुटांवर हा साठ वॉटचा दिवासुद्धा निम्म्याहून खाली ठेवावा लागतो.

पट्टीची चाचणी : लाल, मरून, गुलाबी तिन्ही बाल्कनीतल्या क्लिपशी जुळले. कुंकू जुळलं. फाउंडेशनच्या तिन्ही शेड वेगळ्या ओळखता आल्या. हाच निकाल हवा होता.

ऑक्टाबॉक्स जड असतो आणि स्टँडवर पुढे झुकतो. रेती भरलेली चार किलोची पिशवी लागते. स्टँडचा एक पाय दिव्याच्या झुकत्या बाजूला काढा आणि पिशवी मागच्या पायांवर ठेवा. उलट केलं तर वजनाचा उपयोग होत नाही. डोक्यावर दिवा असताना हे टाळू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

४ जून : मांडणी

खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे आणली. त्याआधी ती भिंतीला टेकून होती आणि डोक्याची सावली मागे छापली जात होती.

दिवा कॅमेऱ्याच्या रेषेत पण वर, खालची कड लेन्सच्या जरा वर, तोंड चेहऱ्याकडे झुकवलेलं. चेहऱ्यापासून नव्वद सेंटिमीटर, म्हणजे ऑक्टाबॉक्सच्या व्यासाएवढंच अंतर. मागे नेला की तो चेहऱ्याच्या मानाने लहान होतो आणि सावल्यांना धार येते. नवखे लोक दिवा 'फार जवळ' वाटून मागे नेतात आणि उजेड वाढवतात. करायचं उलट : जवळ आणून उजेड कमी.

खालून सनबोर्ड, पोटाच्या उंचीवर, हनुवटीपासून दीड फुटावर, साधारण पंचेचाळीस अंशात. तो हनुवटीखाली एक फुटाच्या आत आणला तर सावल्या उलट्या पडतात आणि चेहरा भेसूर होतो. पडताळा असा : नाकाखाली छोटी, मऊ सावली राहिली पाहिजे आणि ती वरच्या ओठाला टेकता कामा नये. सावली अजिबात नसेल तर बोर्ड फार वर आहे, ओठावर आली असेल तर दिवा फार उंच आहे.

ही मांडणी आयलायनर, आयशॅडो, लिपस्टिक आणि बेससाठी. दोन्ही डोळ्यांना सारखा उजेड मिळतो, लायनरची दोन्ही टोकं ताडून बघता येतात. कॉन्टूर आणि त्वचेचा पोत दाखवायचा असेल तेव्हा दिवा चाळीस-पंचेचाळीस अंश बाजूला, बोर्ड काढून तिथे काळं कापड.

आरशाचा प्रश्न राहतोच. कडेला दिवे असलेला आरसा बंद ठेवा, त्याचे एलईडी बहुधा वेगळ्याच रंगाचे असतात. साधा छोटा आरसा लेन्सच्या लगेच खाली, किंचित वर वळवून. फार वळवला तर दिव्याचा तुकडा हनुवटीवर चमकतो.

फोन चेहऱ्याजवळ नेऊन मुख्य लेन्सवर शूट करू नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दुप्पट झूमवर टाकून फोन साडेचार-पाच फुटांवर ठेवला.

७ जून : फोन

सेटिंग्जमध्ये सगळ्यात आधी ब्युटी मोड शून्यावर, एचडीआर (उजेड-सावली आपोआप समतोल करणारा मोड) बंद. ब्युटी मोड काही फोनमध्ये व्हिडिओसाठी वेगळा असतो, तोही बघा. तो चालू असेल तर प्रायमर लावण्याआधीच छिद्रं पुसली जातात आणि व्हिडिओला अर्थ उरत नाही.

शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, त्यामुळे मेन्सवरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/६० वर अशा साध्या दिव्याचे आडवे पट्टे पडद्यावर सरकत होते, १/५० वर गेले. परदेशी व्हिडिओंत १/६० सांगतात ते साठ हर्ट्झच्या विजेसाठी.

आयएसओ (फोनची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) शंभरच्या खाली, दिवा ४५ टक्क्यांवर. व्हाइट बॅलन्स ५६०० वर लॉक. लॉक केला नाही तर लाल ब्लश पॅलेट लेन्ससमोर धरल्याबरोबर फोन लाल कमी करतो आणि चेहरा निळसर होतो. टिंट जुळवायला ग्रे कार्ड (शुद्ध राखाडी रंगाचं कार्ड), ₹३५०. झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नका. त्यात शुभ्रतेसाठी चमक घातलेली असते आणि वेगवेगळ्या प्रकाशात तो वेगळा दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यात हे नियंत्रण नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही अॅप फुकट मिळतात.

एक्स्पोजर चेहऱ्यावर हाताने लावा. मागे काळं कापड असल्यामुळे फोन चेहरा फिका करतो, पांढरी साडी असली की काळवंडतो. झेब्रा (जास्त उजळलेल्या भागावर पडद्यात दिसणारे तिरपे पट्टे) ९५ वर ठेवून तो फक्त हायलाइटरच्या टोकावर आणि मोत्यांवर दिसेल एवढाच उजेड. गालावर किंवा कपाळावर झेब्रा आला की तिथली शेड हरवली.

सावळ्या चेहऱ्याला उजेड वाढवून गोरं दाखवायची सवय या क्षेत्रात फार आहे, आणि ती सरळ चुकीची माहिती देते. फाउंडेशन शोधणाऱ्या मुलीला स्वतःच्या रंगाशी जुळणारी शेड हवी असते. पट्टी चेहऱ्याशेजारी धरून दोन्ही एकाच फ्रेममध्ये जुळवा. उलट, कमी उजेडात आयएसओ वाढवला तर सावळी त्वचा राखाडी आणि दाणेदार येते. तिथे दिवाच वाढवायचा, आयएसओ नाही.

१० जून : पंखा

दर काही सेकंदांनी चेहऱ्यावर मंद धडधड दिसत होती. शटर बरोबर, दिवा बरोबर. कारण छताचा पंखा. ऑक्टाबॉक्सच्या मागच्या झिपमधून उजेड छतावर जात होता आणि पाती तो कापत होती. झिप बंद करून वर काळं कापड टाकल्यावर थांबलं. छतावर प्रकाश टाकून खोली उजळायची युक्ती पंखा फिरत असताना चालत नाही.

पंखा बंद केला की जूनच्या दमट हवेत बेस सुटतो. एसी असेल तर आधी वीस मिनिटं खोली थंड करून घ्या. नसेल तर पंखा चालू, कापडं क्लॅम्पने घट्ट, आणि आवाजासाठी कॉलर माइक.

१३ जून : मागचा दिवा आणि केस

काळे केस, मागे काळं कापड, डोकं कापडात मिसळून गेलं. मागच्या टेबलावर २७०० केल्विनचा नऊ वॉटचा पिवळा बल्ब छोट्या शेडमध्ये ठेवला. चेहऱ्यावर त्याचा उजेड अजिबात पडू द्यायचा नाही. पुढून काळ्या चार्टपेपरचा आडोसा. केसांच्या कडेला ऊबदार रेघ मिळते, तेवढंच त्याचं काम. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा असेल तर हा बल्ब दूर न्या, फुलं सपाट पिवळा डाग होतात आणि पाकळ्या दिसत नाहीत.

१६ जून : नववधूची पूर्ण चाचणी

पैठणी, मुंडावळ्या, नथ, चंद्रकोर, हिरवा चुडा. मोत्यांत आता कडं नाही, मऊ पांढरा डाग येतो आणि मोत्याचं पाणी दिसतं. चंद्रकोरीचा लाल पट्टीशी जुळला. पदराची जरी मात्र दोन ठिकाणी जास्त उजेडाने नुसती पांढरी दिसली, पदर अर्धा वळवून घेतल्यावर निभावलं.

नथीची सावली लिपस्टिकवर पडत होती. नथ डाव्या नाकपुडीत असते. दिवा दहा सेंटिमीटर खाली आणि नववधूच्या उजव्या हाताला पंधरा सेंटिमीटर सरकवला की सावली ओठांवरून डाव्या गालाकडे जाते. लिपस्टिकचा क्लोजअप नथ घालण्याआधी घेतला तर हा प्रश्नच येत नाही, पण ओठ आणि नथ एकत्र दाखवायचे असतातच.

१९ जून : क्लोजअप आणि हिशोब

शेवटी वापरात राहिलेलं : पडदा १,१००, सनबोर्ड ६००, काळं कापड ५४०, दिवा ९,४००, ऑक्टाबॉक्स २,१००, स्टँड १,३००, ग्रे कार्ड ३५०, क्लॅम्प-टेप-चार्टपेपर आणि पिवळा बल्ब मिळून ४००. एकूण ₹१५,७९०. वाया गेलेलं : रिंग लाइट, सॉफ्टबॉक्सची जोडी, बल्ब, ₹६,४४०. म्हणजे खिशातून ₹२२,२३० गेले. आधी पडदा, कापड आणि बोर्ड घेऊन खिडकीवर काम सुरू केलं असतं आणि दिव्यासाठी थांबलो असतो, तर ते ६,४४० वाचले असते.

रिंग लाइट डोळ्याच्या क्लोजअपसाठी ठेवायचा विचार होता. पट्टी मध्ये आणल्यावर तो मुख्य दिव्यापेक्षा हिरवट दिसला, आणि क्लोजअप मूळ शॉटला जोडला की आयशॅडोचा तांबूस रंग बदलत होता. म्हणून क्लोजअपलाही तोच ऑक्टाबॉक्स, नव्वदवरून साठ सेंटिमीटरवर आणून. एवढ्या सरकण्याने उजेड सुमारे सव्वादोन पट होतो, त्यामुळे दिवा ४५ टक्क्यांवरून २० वर. हिस्टोग्राम (फोनवरचा उजेडाचा आलेख) बघून एक-दोन टक्के इकडेतिकडे. फोनला हात लावायचा नाही, शटर आणि व्हाइट बॅलन्स तेच. जमिनीवर स्टँडच्या पायांसाठी पांढऱ्या टेपच्या खुणा नव्वदला आणि लाल टेपच्या साठला. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांनाही खुणा करा, कारण खुर्ची चार बोटं सरकली तरी हे सगळे आकडे बदलतात.